‘येतो’ला सूट

बार्शीच्या कासार गल्लीत हेरंब कोळपकर आजारपणानंतर पुन्हा दुकानात बसायला लागला. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक साडेअकराला आलं, आणि ते त्याची सख्खी आत्या निघाली. आत्याने हात पुढे केला तो बोटांपासून कोपरापर्यंत पदरात गुंडाळून. बांगड्या भरायला मनगट लागतं, हे सगळा जन्म कासाराच्या घरात काढलेल्या बाईला सांगावं लागलं.

“आता लागत नाही कुणाला, आत्या. ताप उतरून चार महिने झाले.”

“तापाला कोण भितंय? तू काय करशील त्याचा नेम नाही म्हणतात.”

“बांगड्या भरीन.”

“असं तू म्हणतोयस,” आत्या म्हणाली आणि त्याच्या उजव्या कानामागे बघत राहिली.

आत्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. त्या तापाला जगभर एक लांबलचक नाव होतं, शेवटी दोन आकडे असलेलं. बार्शीत त्याला दुफळ्या म्हणत. आपल्या मेंदूत एका जागी शब्द जुळतात आणि दुसऱ्या जागी हातापायांच्या हालचाली ठरतात. दोन्हींच्या मध्ये तंतूंचा एक जुडगा आहे, आणि त्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. तापाशी लढता लढता शरीराची फौज हे वेष्टणही कुरतडून ठेवायची. बहुतेकांचं ते सहा-आठ महिन्यांत भरून यायचं. ज्यांचं भरायचं नाही त्यांचं तोंड एका गावाला जायचं आणि पाय दुसऱ्या. परांड्याचा एक गवंडी “पाणी पितो” म्हणाला आणि कालवलेलं सिमेंट प्यायला. एक शिपाई “साहेबांना फाइल देतो” म्हणून निघाला, तो दोन दिवसांनी कुर्डुवाडीच्या फलाटावर फाइल डोक्यावर धरून उभा सापडला. लातूरकडची एक बाई “बाळाला न्हाऊ घालते” म्हणून आत गेली. पुढचं वर्तमानपत्रांनी छापलं नाही, आपणही इथेच थांबू.

यात भिण्यासारखी गोष्ट अशी की त्या माणसांना पत्ता नसायचा. गवंडी हॉस्पिटलात शपथेवर सांगत होता की आपण पाणीच प्यायलो, थोडं जड होतं.

म्हणून सरकारने बऱ्या झालेल्या प्रत्येकाच्या कानामागे नखाएवढी जुळणीपट्टी चिकटवली. बोलण्याआधी आणि हलण्याआधी मेंदू अर्धा सेकंद तयारी करत असतो. पट्टी ती तयारी टिपते, तोंडातून आलेल्या शब्दांशी जुळवते आणि फरक मोजते, शून्य ते शंभर. फरक वीसच्या वर गेला की पट्टी बोलते, टिक. आवाज लहानच, पण शेजारच्याला ऐकू जाईल एवढा. आठवड्यात चाळीस टिक झाल्या की माणसाची रवानगी पुनर्वसन केंद्रात. केंद्रातून परत आलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. तिथे लोकांना फार आवडतं, असं अधिकारी सांगत. अधिकाऱ्यांच्या कानामागे पट्टी नव्हती.

हेरंबला केंद्रात जायचं नव्हतं. आजारपणाचे अडीच महिने वॉर्डात काढून तो घरी आला, तेव्हा पाच वर्षांच्या मिहिकाने दार उघडून “काका, आत या, बाबा घरी नाहीत” असं अदबीने सांगितलं होतं. तिचं पुन्हा ‘बाबा’वर येणं हे तापातून उठण्यापेक्षा अवघड गेलं. आता ती त्याचा हात धरून शाळेतून येत होती, आणि एवढं एक राहावं यापलीकडे त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

पहिल्याच दिवशी एकतीस टिक झाल्या.

संध्याकाळी त्याची बायको शलाका पेन्सिल घेऊन बसली. ती पूर्वी प्रयोगशाळेत रक्त तपासायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट घाबरण्याआधी लिहून काढायची तिला सवय होती.

“पहिली कधी वाजली?”

“आत्याला म्हटलं, अजिबात दुखणार नाही.”

“दुखलं?”

“ओरडली.”

“दुसरी?”

“हा रंग तुम्हालाच शोभतो. तिसरी, हीच. चौथी, हीच. मग एक बांगडी वाढली, तेव्हा.”

शलाकाची पेन्सिल थांबली. कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही. अशुभ कानावर पडू नये म्हणून बांगडी वाढते, नारळ वाढतो आणि संध्याकाळी दुकानही वाढतं. तीन पिढ्या रोज वाढूनही कोळपकरांचं दुकान दहा बाय बाराचंच होतं, ती गोष्ट वेगळी.

“दुकान बंद करताना काय म्हणालास?”

“दुकान वाढवतो. वाजली.”

“आणि सकाळी घरातून निघताना?”

“आई, येतो. वाजली.”

शलाका हसायला लागली. पट्टी कुठल्या तरी थंड देशात तयार झाली होती. तिथे जाणारा माणूस जातो म्हणतो आणि जातो. तिला मराठी शिकवलं ते शब्दकोशातून. शरीर जायच्या तयारीत आणि तोंडात ‘येतो’ म्हटल्यावर ती बिचारी वाजणार नाही तर काय करणार.

“तू बराच आहेस,” शलाका म्हणाली. “फक्त मराठी आहेस.”

उपाय सोपा होता. हेरंबने शब्दाला शब्द सरळ बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, “आई, जातो.”

पट्टी गप्प राहिली. सुरेखाबाई, म्हणजे त्याची आई, मात्र नाही राहिली.

“काय म्हणालास?”

“जातो. मशीनला तेच कळतं, आई.”

“मशीनला कळतं म्हणून मी ऐकून घेऊ? तुझे आजोबा ‘जातो’ म्हणून गेले होते एकदा. चुकून निघालं तोंडातून. आले का?”

“आजोबा हार्ट अटॅकने गेले, आई. सहा वर्षांनी.”

“गेलेच ना?” मग त्यांनी मिहिकाला पुढे ओढलं. “हे बघ बाळा, बाबा काहीही बोलला तरी आपण ‘जा’ म्हणायचं नाही. आपण काय म्हणायचं?”

“बाबा, ये हं,” मिहिका म्हणाली.

“शाब्बास.”

दुकानात हाल आणखी वाईट. मोरे बाईंच्या मुलीचा चुडा भरताना एक बांगडी गेली आणि हेरंबने खाली बघून स्वच्छ सांगितलं, “फुटली.” नवरीच्या मावशीने दोन्ही कानांवर हात ठेवले. “दुखेल,” तो पुढे म्हणाला, “आणि हा रंग तुम्हाला शोभत नाही, पण माझ्याकडे तुमच्या मापात हाच आहे.” मंडळी उठून पांडे चौकातल्या दुकानात गेली. त्या आठवड्यात टिक झाल्या अकरा आणि गिऱ्हाइकं झाली चार. त्यातली एक बाई पत्ता विचारायला आली होती.

घरातही हळूहळू काहीतरी बदलत होतं. जेवताना शलाकाने सहज विचारलं, “भाजी कशी झालीय?” तो “छान” म्हणाला. टिक. दोघंही हसले, पण दुसऱ्या दिवशीपासून तिने विचारणं बंद केलं. मग एकदा त्याला काकडी कापायला सुरी सापडेना.

“सुऱ्या कुठं गेल्या सगळ्या?”

“धार लावायला दिल्यात,” शलाका म्हणाली.

तिच्या कानामागे पट्टी नव्हती, म्हणून काही वाजलं नाही. हेरंबने काकडी हातानेच मोडली. कपाटाला नवं कुलूप त्याला दिसलं होतं. काकडी चावताना त्याच्या मनात आलं, की आपल्याला तिचा राग यायला हवा, आणि येत नाही. कारण त्यालाही ते कुलूप बघून बरं वाटलं होतं.

याच सुमाराला लोंढे सरांनी अर्ज करायचं मनावर घेतलं. लोंढे सर गल्लीच्या तोंडाशी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, तेही दुफळ्यातून उठलेले. त्यांच्या आठवड्याच्या सदतीस टिक होत होत्या, आणि सगळ्या पोरांना “सोपं आहे” म्हणण्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. तालुक्यातल्या चारशे बऱ्या झालेल्यांच्या सह्या घेऊन त्यांनी मुंबईला अर्ज पाठवला. ‘महाराष्ट्रातली यच्चयावत जनता रोज घराबाहेर पडताना खोटं बोलते आणि संध्याकाळी घरी परत येते,’ असं त्यात पहिलंच वाक्य होतं.

सरकार हललं. सतरा शब्दांना सूट मिळाली. येतो, येते, वाढवणे, बांगडी वाढणे, दिवा शांत करणे वगैरे. हे शब्द असलेल्या वाक्याला पट्टी यापुढे गप्प राहणार होती. लोंढे सरांनी पेढे वाटले. सुरेखाबाईंनी पट्टीला कुंकू लावलं, ते पुसायला शलाकाला स्पिरिट लागलं. हेरंबच्या टिक आठवड्याला नऊवर आल्या. गिऱ्हाइकं परत यायला लागली, आत्या तर उघड्या मनगटाने आली. महिनाभर घरात सगळे पूर्वीसारखे खोटं बोलत होते आणि फार बरं चाललं होतं.

मग एका मंगळवारी सकाळी लोंढे सर बायकोला म्हणाले, “साखर घेऊन येतो.”

साखर त्यांनी घेतली, दुकानदाराने तसं सांगितलं. तिथून ते घरी वळले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते धरणात सापडले. साखरेची पुडी काठावर होती, कोरडी. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर त्यांनी एक चप्पल ठेवली होती.

चौदाव्याचं जेवण जेवून आलेला हेरंब दुसऱ्याच दिवशी दुपारी निगराणी कक्षात गेला. त्या दिवशी शलाका माल आणायला सोलापूरला गेली होती. कक्षात गाडेकर मॅडम होत्या, तालुक्यातल्या सगळ्या पट्ट्यांच्या नोंदी त्यांच्याकडे यायच्या. चेहऱ्यावरून असं वाटायचं की त्या बाईंनी कधीतरी एकदा पूर्ण झोप घेतली होती आणि ती त्यांना अजून आठवते.

“बसा,” त्या म्हणाल्या. तो बसला.

“मॅडम, सरांची पट्टी वाजली नव्हती?”

“कशी वाजेल? ‘येतो’ला सूट आहे.” त्यांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे ओढला. “वाजत नाही, हेरंब. पण मोजायची थांबत नाही. आकडे इथे येतातच. ते रोज बघा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सर गेल्यावर मी बघितले.”

“किती होता?”

“चौऱ्याण्णव.”

मग त्यांनी नीट समजावलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं हेरंबला वाटत राहिलं. धडधाकट मराठी माणूस ‘येतो’ म्हणून निघतो, तेव्हा फरक येतो पंचवीस-तीस. शंभर नाही येत. कारण शब्द तोंडातून निघताना मेंदू परतीच्या वाटेचीही थोडी तयारी करून ठेवतो. गल्लीचं वळण, दाराची कडी, आत आल्यावर पाणी पिणं, हे सगळं. पंचवीसचा फरक पट्टीला कळला नाही, ती वाजली, आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला गप्प बसवलं. लोंढे सरांच्या डोक्यात त्या दिवशी परतीची वाट नव्हतीच. जायची तयारी पूर्ण होती, यायची शून्य.

“पण धरणात कशाला उतरतील ते? पोहता येत नव्हतं त्यांना.”

“ते दुसरं. स्वतःच्या शब्दाची पकड सुटली की माणूस रिकामा राहत नाही. कानावर पडलेला दुसऱ्याचा शब्द हातापायांपर्यंत वेगळ्या वाटेने जातो, आणि ती वाट तापाने बिघडत नाही. तिथे काही लोक पोहत होते. त्यातला एक जण काठावरच्या दोस्ताला ओरडला, ‘ये की आत.’ तो सांगत होता, दोस्त आला नाही, पण एक मास्तर चप्पल काढून आले. पोहणाऱ्यांना वाटलं, हौस असेल. आणि ते सगळे निघून गेले.”

बाहेर कुणीतरी स्टूल सरकवलं. हेरंबने विचारलं, “माझे आकडे?”

मॅडमनी पडदा त्याच्याकडे फिरवला. ‘येतो’ या शब्दाखाली आकड्यांची रांग होती. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, तेहतीस. गेल्या शनिवारी सत्तेचाळीस. आज सकाळी एकसष्ट.

“सूट नसती तर या आठवड्यात चाळीस टिकच्या पुढे गेला असतात. आता नियमाप्रमाणे तुम्ही बरे आहात. मी तुम्हाला हात लावू शकत नाही. तुम्ही स्वतः ‘मला न्या’ म्हणालात, तरच.”

“केंद्रात काय करतात मॅडम, खरं सांगा.”

“शांतता असते,” त्या म्हणाल्या. “खरंच. कुणी कुणाशी बोलत नाही. बोलायला बंदी आहे. काहींचं वेष्टण वर्षभरात भरतंय असं दिसतंय. काहींचं.”

हेरंब उठला. पावणेचार झाले होते, चारला मिहिकाची शाळा सुटायची.

“कुणाला तरी सोबत घेऊन जा.”

“शाळा कोपऱ्यावरच आहे. येतो मॅडम.”

पट्टी गप्प होती. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि तो भिंतीकडे फिरवून टाकला. किती, असं हेरंबने विचारलं नाही.

शाळेपर्यंतच्या रस्त्यावर तो एक प्रयोग करत चालला. डोळ्यांपुढे आणायचं, मिहिका, दप्तर, तिची पाण्याची बाटली, फाटक. हे सगळं आलं. पुढे, किराणा दुकानावरून डावीकडे, गल्ली, आपलं दार. फाटकाच्या पुढे काही येत नव्हतं. अंधार असता तरी चाललं असतं. तिथे नुसतंच काही नव्हतं, पुस्तकाची पुढची पानं छापायची राहून गेल्यासारखं.

मिहिकाने आल्याबरोबर त्याचा हात पकडला. “बाबा, आज आमच्या बाईंनी सांगितलं की व्हेल मासा नाही.”

“मग कोण आहे?”

“ते उद्या सांगणारेत.”

ते चालत होते, ऊन तिरपं होतं आणि सगळं नेहमीसारखं होतं. बऱ्याच वेळाने मिहिका म्हणाली, “बाबा, घर इकडं नाही.”

“घरीच चाललोय आपण,” हेरंब म्हणाला.

टिक.

हे साधं वाक्य होतं. यात सूट मिळालेला एकही शब्द नव्हता. हेरंबने आजूबाजूला बघितलं. ते बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर होते, जिथे ट्रक भरायला लागतात. थांबायला हवं, त्याने मनाशी म्हटलं. “थांबतो हं,” तो मोठ्याने म्हणाला. टिक. पाय चालतच होते, अगदी रुबाबात, दुसऱ्या कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.

समोर कांद्याचा ट्रक मागे येत होता. मिशाळ क्लीनर त्यांच्याकडे पाठ करून ड्रायव्हरकडे बघत हात हलवून ओरडत होता, “येऊ दे, येऊ दे, या, या मागं, डाव्या अंगाला या.”

हेरंब डाव्या अंगाला आला. मिहिकाचा हात त्याच्या हातात होता, तीही आली. ट्रकचं मागचं फळकूट त्याला दिसत होतं. त्यावर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं होतं आणि ती अक्षरं मोठी होत होती. त्याला सगळं कळत होतं. पळायला हवं हे कळत होतं, मिहिकाला ढकलायला हवं हे कळत होतं, आणि “पळ” म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून आलं, “व्हेल मोठा असतो.”

“या, या, या,” क्लीनर म्हणाला.

“बाबा, थांब की,” मिहिका वैतागून म्हणाली. “माझी बाटली पडली.”

हेरंब थांबला. असा थांबला की तिच्या हाताला हिसका बसला. ट्रक त्यांच्यापुढून सरकत जाऊन धक्क्याला लागला, कांद्याची दोन टरफलं हेरंबच्या शर्टावर येऊन चिकटली. क्लीनरला ते आत्ता दिसले. त्याने आईबापाचा उद्धार केला आणि शेवटी “चल निघ इथनं” म्हणाला, त्याबरोबर हेरंब निघाला.

“मिहिका,” तो चालता चालता म्हणाला. “खेळ खेळायचा. तू सांगायचं आणि मी करायचं.”

“काहीपण?”

“फक्त घरी कसं जायचं ते.”

“मग उजवीकडं.” तो उजवीकडे वळला. “आता सरळ.” तो सरळ गेला. “आता बेडूकउडी.” भर रस्त्यात, एकतीस वर्षांचा हेरंब कोळपकर बसला आणि त्याने बेडूकउडी मारली. मिहिका खिदळली. पानपट्टीवरचे दोघं हसले. त्यातला एक गमतीने म्हणाला, “अजून एक होऊन जाऊ दे,” आणि हेरंबने अजून एक मारली. मिहिकाला मग ते आवडलं नाही. आपल्या खेळात दुसऱ्याने सांगितलेलं तिला चालायचं नाही. “नाही, बाबा, ऊठ. घरी चल,” ती म्हणाली, आणि त्याला घरी आणलं.

सुरेखाबाईंना त्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. सांगता येत होतं, घडून गेलेल्या गोष्टी तोंड नीट सांगत होतं.

“गाडेकर मॅडमना फोन लाव, आई. मला न्यायला सांग.”

“मी नाही लावणार. नेलेलं कोण परत आलंय? तू बस गुपचूप.”

हेरंब गुपचूप बसला. एवढ्या पटकन, एवढा मुकाट्याने बसला की सुरेखाबाईंना ते दिसलं. हा मुलगा सांगितल्यावर बसणाऱ्यांतला कधीच नव्हता.

“उभा राहा बघू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. तो उभा राहिला. त्यांनी तोंडाला पदर लावला.

“अरे, मग मी सांगते ना तुला. मी दिवसभर सांगीन. जेव म्हणीन, झोप म्हणीन. लहानपणी नाही का सांगत होते?”

“आणि रस्त्यावरून जाणारा काही म्हणाला तर? पलीकडे टीव्हीवर कुणी म्हणालं तर? मिहिका ट्रकखाली जाणार होती, आई. मी नेत होतो तिला. हात धरून.”

 सुरेखाबाईंनी फोनला हात लावला नाही.

“मी लावतो,” हेरंब म्हणाला. टिक. त्याने कंगवा उचलला आणि भांग पाडला. पुन्हा म्हणाला, टिक, पुन्हा भांग पाडला. तिसऱ्यांदा त्याने कंगवा हातात असतानाच मिहिकाला जवळ बोलावलं.

“खेळ संपला नाहीये. म्हण, बाबा, कंगवा ठेव.”

“बाबा, कंगवा ठेव.”

“म्हण, गाडेकर मॅडमना फोन लाव.”

“मिहिका, म्हणू नकोस,” सुरेखाबाई म्हणाल्या.

मिहिकाने आजीकडे पाहिलं, मग बाबाकडे. खेळ बाबाचा होता. “बाबा, गाडेकर मॅडमना फोन लाव,” ती एका दमात म्हणाली.

मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला. “मला न्या,” हेरंब म्हणाला. पट्टी वाजली नाही.

गाडी वीस मिनिटांत आली. तेवढ्या वेळात त्याने शलाकाला फोन करायचं मनात आणलं आणि केला नाही. ती बसमध्ये असेल, आणि “जाऊ नकोस” म्हणाली तर तो पुन्हा बसून राहिला असता. मिहिका त्याच्या मांडीवर बसून “थांब, थांब, थांब” म्हणत होती, तसं त्यानेच सांगितलं होतं.

गल्ली दारादारांत उभी होती. मॅडम स्वतः आल्या होत्या. त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, “चला, हेरंब.”

तो चालायला लागला. उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या उतरला. गाडीचं दार उघडं होतं. मागे मिहिका उंबऱ्यात आली. तिला जे शिकवलं होतं ते, घरातून माणूस निघताना म्हणायचं ते, ती हात हलवत म्हणाली, “बाबा, ये हं.”

हेरंब वळला आणि पायऱ्या चढून तिच्यापाशी आला.

कुणीतरी हसलं आणि मग गप्प झालं.

“चला,” मॅडम म्हणाल्या. तो वळला, उतरला. या वेळी गाडीच्या दारापर्यंत पोचला, एक पाय आत ठेवला. मिहिकाला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. ती जरा मोठ्याने म्हणाली, “बाबा, ये.” पाय बाहेर आला. तो परत आला. तिने त्याचं बोट धरलं, खूश होऊन.

“बाळा, ‘जा’ म्हण,” मॅडम म्हणाल्या. 

“‘जा’ म्हणायचं नसतं,” मिहिकाने त्यांना समजावलं.

“चला, हेरंब.”

बोट सुटलं. तो पायऱ्या उतरत असताना मिहिकाने मोठा श्वास घेतला, तो त्याला मागून ऐकू आला. आता वळावं लागणार म्हणून त्याने डोळे मिटले.

हाक आली नाही. सुरेखाबाई गुडघे टेकून खाली बसल्या होत्या. एका हाताने त्यांनी नातीला पोटाशी धरलं होतं आणि दुसरा हात तिच्या तोंडावर दाबला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.